रिव्हीलपुढचा पाचवा ठिपका

मी एक जुना शब्दकोश आहे आणि मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. मी अर्धवट आहे. माझी शेवटची चार पानं एका उंदराने खाल्ली, तीही ऐन थंडीत, अगदी चवीने. त्यामुळे झेब्रा म्हणजे काय, हे मला विचारू नका. बाकी इंग्रजीतल्या बहुतेक शब्दांचे अर्थ मी मराठीत सांगतो. अर्थात कुणी पान उघडलं तरच! आपण होऊन बोलायची सोय माझ्या जातीला नाही. माझ्या आयुष्यातलं सुख आणि दुःख, दोन्ही या एका अडचणीतून आलं.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. कागदाच्या मोठ्या तावांवर आधी शब्द उमटले, मग घड्या पडल्या, मग शिवण घातली गेली आणि पाठीला सरस लागला. वरून निळ्या कापडाचा पुठ्ठा आणि त्यावर सोनेरी अक्षरं. शेवटी बांधणी करणाऱ्या म्हाताऱ्याने मला दोन फळ्यांमध्ये घालून वरचा स्क्रू असा आवळला की मला वाटलं, संपला आपला कारभार. पण तो शेजारच्या कामगाराला म्हणाला, "दाब सोसलेलं पुस्तक लवकर उसवत नाही बघ." हे वाक्य मला पुढे फार पुरलं.

दुकानातून मला एका कचेरीतल्या साहेबाने घेतलं. त्याने पहिल्या पानावर वळणदार सही केली, मला टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं आणि तो मला विसरला. शब्दकोश घरात असला की इंग्रजी येतं, असं मानणाऱ्यांपैकी तो होता. पुढे त्या खणाचं कुलूप अडकलं. किल्ली हरवली. किती वर्षं गेली कोण जाणे! बाहेर टेबलाला एकावर एक रंग लागत होते, त्याचा वास फटीतून येई. अंधारात पडल्या पडल्या मी आपले शब्द आपल्याशीच घोकत असे. न उघडलेलं पुस्तक आणि वीट यात फरक तो काय?

एक दिवस टेबल उचललं गेलं. हेंदकाळत कुठेतरी पोहोचलं. मग डोक्यावर खरवडण्याचा आवाज सुरू झाला. तीन दिवस तो आवाज चालू होता. चौथ्या दिवशी कुणीतरी खण ठोकला आणि एका बाईमाणसाचा आवाज आला.

"वन्सं, जरा ती बारीक पटाशी द्या. आत काहीतरी आहे."

"साप असेल," दुसरी बाई म्हणाली.

"सापाला कुलूप कोण लावतं?"

"आपलाच एखादा नातेवाईक लावेल. देऊ का पटाशी, की आधी काठी आणू?"

खण उघडला. इतक्या वर्षांनी उजेड आला, आणि उजेडात मला पहिल्यांदा दिसले ते दोन हात. बोटांना तपकिरी डाग, नखांत पॉलिश, आणि उजव्या मनगटावर भाजल्याची एक जुनी, चकाकती खूण.

त्या पॉलिशवाल्या बाई. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. जुन्या फर्निचरवरचे रंगाचे थर काढायचे, खालचं लाकूड घासून गुळगुळीत करायचं आणि त्यावर कापसाच्या बोळ्याने पॉलिश चढवायचं, हा त्यांचा धंदा. नवरा अकाली गेला. तेव्हापासून त्या आणि त्यांची नणंद, दोघी मिळून हा कारखाना चालवतात. कारखाना म्हणजे पुढची मोठी खोली. मागच्या दोन खोल्यांत घर. नणंदेला त्या 'वन्सं' म्हणतात, आणि बाईंची मुलगी तिला 'आत्या' म्हणते. तीच ती सापवाली बाई. मुलीला सगळे बिट्टी म्हणायचे. तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि टेबलाच्या खणात काय सापडलं ते बघायला आमच्यात डोकं खुपसून उभी होती.

बाईंनी मला टेबलाच्या मालकाकडे परत नेलं. साहेबाचा नातू दारात उभा राहून म्हणाला, "अहो, आजोबांनीच कधी उघडलं नाही, मी काय उघडणार? ठेवा तुम्हीच." असा मी बाईंचा झालो.

आता भाजल्याच्या खुणेचं सांगतो. रंग काढायचं जे औषध डब्यात येतं, त्यावर इंग्रजीत चार ओळी असतात. हातमोजे घाला, कातडीला लावू देऊ नका, अशा. बाईंना त्या वाचता आल्या नव्हत्या. शाळा त्यांची लवकर सुटली होती. हात भाजला तेव्हा त्यांनी ठरवलं होतं की डब्यावरच्या ओळी आपल्याला कळल्याच पाहिजेत, आणि नेमका मी हाती लागलो. मग रोज दुपारी, आत्या घोरत असताना, बाई एक डबा आणि मला घेऊन बसत. एकेक अक्षर जुळवत. 'स्किन' सापडला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे बघून मान हलवली. "एवढंच होतं होय," म्हणाल्या.

त्यांनी एक नियम केला. शब्द पाहिला की त्याच्यासमोर पेन्सिलीचा एक ठिपका द्यायचा. तोच शब्द पुन्हा बघावा लागला तर दुसरा ठिपका. एका शब्दापुढे पाच ठिपके झाले, तर पाचवा ठिपका ज्याचा, त्याने त्या दिवशीची सगळी भांडी घासायची. नियम सगळ्यांना सारखा. बाईंची पेन्सिल सुतारकामाची, जाड, त्यामुळे त्यांचा ठिपका मसुराच्या डाळीएवढा. पुढे बिट्टी शाळेत जायला लागली, तिची पेन्सिल टोकदार, तिचा ठिपका खसखशीच्या दाण्याएवढा. माझ्या पानांवर असे दोघींचे शेकडो ठिपके आहेत. 'कमिटी' या शब्दापुढे पाच ठिपके तीनदा भरले. त्यात कुठलं अक्षर दोनदा येतं, ते कुणाच्याच लक्षात राहत नव्हतं.

आत्याला इंग्रजीशी काही घेणं नव्हतं. ती मला वजन म्हणून वापरी. साध्या लाकडावर भारी लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवला की तो सुकेपर्यंत वर दाब लागतो. मग मी पापुद्र्यावर, आणि माझ्यावर दोन विटा. "एवढं शिकलेलं वजन आणखी कुणाकडे आहे?" असं ती गिऱ्हाइकांना सांगत असे. मित्रांनो, सुरुवातीला मला अपमान वाटला. नंतर सवय झाली. दाबाचं मी मघाशी सांगितलंच.

ज्या शब्दाची ही गोष्ट आहे, तो आमच्या घरात बिट्टी दहा वर्षांची असताना आला. शाळेत सांगितलं होतं, 'रिव्हील' हे क्रियापद वापरून वाक्य करा. माझ्यात त्याचा अर्थ असा दिला आहे: उघड करणे, झाकलेले दाखवणे. बिट्टीने खसखशीचा ठिपका दिला आणि वही घेऊन कारखान्यात आली.

"आई, रिव्हील म्हणजे उघडणे. मी लिहिते, 'मी दार रिव्हील केले.'"

बाई एका खुर्चीचा पांढरा रंग काढत होत्या. त्यांनी हात थांबवला. "इकडे ये. ही खुर्ची कसली आहे?"

"पांढरी."

"आता बघ." त्यांनी पट्टी एकदा लांब ओढली. पांढऱ्या रंगाची साल निघाली. खाली निळा. निळ्याखाली आणखी एक पांढरा. आणि त्याच्याखाली लाकूड, लालसर, त्यात रेषा, पाण्यावर तरंग उठावेत तशा. बिट्टी वाकून बघायला लागली.

"या रेषा मी काढल्या का?"

"नाही."

"मग कुठून आल्या?"

"होत्याच."

"हां. होत्याच. दिसत नव्हत्या एवढंच. ते दिसायला लावणं म्हणजे रिव्हील. नसलेलं काही आणायचं नाही. आणि दार उघडलंस तर नुसतं ओपन. दारामागे लपलेली आत्या दिसली, तर दाराने आत्याला रिव्हील केलं."

"मी कशाला लपेन दारामागे? मावेन तरी का?" आत्या आतून ओरडली. "त्यापेक्षा हिला लिहायला सांगा, आईने आपलं खरं वय रिव्हील केलं नाही."

"वन्सं, माझं वय रिव्हील केलं की तुमचं आपोआप होतं. तुम्ही मोठ्या आहात."

आत्या गप्प बसली. असं वर्षातून एकदा होतं.

बिट्टीचं समाधान झालं नव्हतं. तिने माझी 'ई'ची पानं चाळताना आणखी एक शब्द शोधून काढला होता. "आणि हे एक्स्पोज काय आहे? इथे त्याचाही अर्थ उघडं करणे असाच दिलाय. मग दोन शब्द कशाला केले?"

बाईंनी थोडा विचार केला. त्या पुस्तकातून शिकलेल्या नव्हत्या, हातातून शिकलेल्या होत्या, म्हणून त्यांना वेळ लागे. "खुर्चीचा रंग मी हळूहळू काढला, बेताने, लाकडाला ओरखडा न येऊ देता, तर ते रिव्हील. आणि तीच उघडी खुर्ची नेऊन पावसात टाकली, तर ते एक्स्पोज."

मी शब्दकोश आहे. माझ्यात हे इतकं चांगलं लिहिलेलं नाही. मला तेव्हा थोडा हेवाच वाटला.

वर्षं गेली. बिट्टी मोठी झाली. माझे सोनेरी शब्द पुसले गेले, पाठ सैल झाली, बाईंनी ती दोनदा सरसाने चिकटवली. मग घरात मोबाइल आला. बिट्टी शब्द त्याच्यातच बघू लागली आणि माझ्या पानांवर खसखस पडायची थांबली. बाई मात्र माझ्याकडेच येत. "त्यात बोट लावलं की अर्थ येतो आणि पुसलं की जातो," म्हणायच्या. "ठिपका कुठे देऊ?"

बिट्टी एकोणीस वर्षांची झाली तेव्हा तिला नकाशे काढण्याच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. दूरच्या शहरात. दोन दिवसांचा प्रवास. पत्र आलं त्या दिवशी आत्याने पॉलिशच्या हातानेच तिचे गाल ओढले आणि गालांवर तपकिरी बोटं उमटली. जायला चार आठवडे होते. त्याच सुमारास बाईंनी गळ्याला रुमाल बांधायला सुरुवात केली.

"काय हो वहिनी, हे काय नवीन?" आत्याने विचारलं.

"धूळ बसते."

"वीस वर्षं नाही बसली ती?"

"आता बसते. तुम्ही तो पॉलिश पेपर द्या, बडबड नको."

धूळ नव्हती, मित्रांनो. मला माहीत होतं, कारण त्याच आठवड्यात एका दुपारी बाईंनी मला विटांखालून काढलं. आत्या घोरत होती. बिट्टी बाहेर गेली होती. बाईंनी ब्लाउजच्या आतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्या शेजारी पसरला. तो दवाखान्याचा कागद होता. गिळताना अडकतं म्हणून त्या एकट्याच जाऊन गळ्याची सोनोग्राफी करून आल्या होत्या. कागद घेऊन डॉक्टरांकडे परत या, असं त्यांना सांगितलं होतं. त्या परत गेल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे आल्या.

त्यांनी एकेक शब्द बघायला सुरुवात केली. थायरॉइड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी. लोब, म्हणजे तिचा एक भाग. नोड्यूल, म्हणजे गाठ. मार्जिन, म्हणजे कड. एका ठिकाणी 'अनरिमार्केबल' असा शब्द होता, तो उजव्या बाजूबद्दल होता. माझ्यात अर्थ आहे: दखल घेण्याजोगे नसलेले. "घ्या," बाई पुटपुटल्या, "इथेही कुणी दखल घेईना." एवढंच काय ते हसल्या. मग शेवटच्या ओळीत 'मॅलिग्नंट' होता, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. तो त्यांनी शोधला.

आता सांगायला मला लाज वाटते. मी जुना आहे. मॅलिग्नंटचा अर्थ माझ्यात दिला आहे: दुष्ट, द्वेषी, घातक. बस्स. गाठीची तपासणी करतात, सुई घालून बघतात, पुष्कळ गाठी साध्याच निघतात, आणि नसली साधी तरी वेळेवर कळली तर इलाज असतो, यातलं एक अक्षर माझ्यात नाही. बाई त्या तीन शब्दांकडे बघत राहिल्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, मी पुस्तक आहे, डॉक्टर नाही, उठा आणि जा! पण ते मी सांगितलंच आहे. आपण होऊन बोलायची सोय नाही.

शेवटी त्यांनी पहिल्या ओळीतला शब्द बघितला. सोनोग्राफी रिव्हील्स, असं तिथे होतं. हा शब्द त्यांना पाठ होता. त्यांनीच तो मुलीला शिकवला होता. तरी बघितला. माणूस पाठ असलेला शब्द पुन्हा बघायला येतो तेव्हा त्याला अर्थ नको असतो. मधल्या काळात तो बदलला असेल तर बरं, असं त्याला वाटत असतं. माझ्यात तो बदललेला नव्हता.

आणि मग बाईंनी तीच गोष्ट केली, जी फक्त बाईच करू शकतात. जगापासून लपवायची गोष्ट, पण नियम तो नियम. पाहिलेल्या प्रत्येक शब्दापुढे त्यांनी ठिपका दिला. जाड, मसुराएवढा. त्यांच्या ध्यानातही आलं नसेल, हात आपोआप चालला. रिव्हीलपुढे आधीचे तीन होते. चौथा त्यांनी इतका दाबून दिला की कागद फाटला.

कागदाची घडी पुन्हा आत गेली. बाई माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोर जाऊ दे आधी. मग बघू." मग मी पुन्हा विटांखाली.

कागदावर लिहिलं होतं, दहा दिवसांत सुईची तपासणी. पोर जायला होते पंचवीस.

पहिले चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी बिट्टीला कॉलेजच्या एका कागदावर 'मार्जिन' शब्द अडला आणि नेमका मोबाइल चार्जिंगला होता. कंटाळत तिने विटा उतरवल्या आणि मला उघडलं. मार्जिनपुढे मसूर होता. ताजा, चकाकणारा.

"आई मार्जिन कशाला बघते?" ती स्वतःशीच म्हणाली. मागचं पान उलटताना तिला मॅलिग्नंटपुढचा दिसला.

ती खाली बसली. मग तिने मला पहिल्या पानापासून उलटायला सुरुवात केली. ताज्या ठिपक्याचं शिसं बोटाला लागतं, जुन्याचं लागत नाही. ती प्रत्येक मसुरावर बोट फिरवून बघत होती. लोब. नोड्यूल. थायरॉइड. मग ती मागे रिव्हीलपाशी आली, तिथे कागद फाटलेला होता. तिने तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

आत्या आत आली तेव्हा बिट्टीने तिला सगळं सांगितलं. आत्या मटकन स्टुलावर बसली. "तो रुमाल! मला वाटलंच होतं. धूळ म्हणे! ऊठ, हे पुस्तक घेऊन जाऊ तिच्यासमोर. आपटू आणि विचारू, काय समजता स्वतःला?"

"नको, आत्या."

"नको काय? रुमाल बांधायला लागून किती दिवस झाले!"

"ती म्हणेल, काही नाही, सहज बघितले. आणि दवाखान्याचा काही कागद असेल तर तो जाळून टाकेल. तू ओळखत नाहीस का तिला? आपण असं केलं तर तिला पावसात टाकल्यासारखं होईल. तिने सांगायला पाहिजे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबू. मग आपट."

मग बिट्टीने तिची टोकदार पेन्सिल आणली. आईच्या प्रत्येक मसुराशेजारी तिने एकेक खसखशीचा दाणा ठेवला. थायरॉइडपुढे. लोबपुढे. नोड्यूलपुढे. मॅलिग्नंटपुढे. मीही हा शब्द पाहिला आहे, एवढंच म्हणणारा दाणा. रिव्हीलपुढे तो पाचवा होता.

सगळं खरं, पण बाई मला उघडतील तर ना! दुसरा दिवस उजाडला. बाई कपाटाचं दार घासत होत्या. दुपार झाली. मी विटांखाली होतो. खाली एका तिपाईचा पापुद्रा सुकत होता, आणि सरस पुरता वाळल्याशिवाय वजन हलवायचं नाही, हा बाईंचाच दुसरा नियम. आत्या येरझारा घालत होती. तिला इंग्रजी येत नाही, पण कुणाला कशाने हलवायचं हे पक्कं येतं. ती रंग काढायच्या औषधाचा नवा डबा घेऊन आली.

"वहिनी, यावर लाल अक्षरात काहीतरी नवीन छापलंय. मागच्या डब्यावर नव्हतं."

"असेल काहीतरी."

"असेल काहीतरी, म्हणून एकदा मनगट भाजून घेतलंत. आता माझं भाजायचंय का? मी आजच वापरणार आहे."

बाईंनी डबा हातात घेतला. शब्द होता 'रेसिड्यू', म्हणजे मागे राहिलेला अंश. खरंच नवीन होता. त्या उठल्या, कडेचा सरस वाळल्याचं नखाने बघून हळूच विटा उतरवल्या, मला मांडीवर घेतलं.

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी स्वतः केलेली एकच गोष्ट आहे, आणि ती मी त्या क्षणी केली. जुनं पुस्तक जिथे सगळ्यात जास्त दाबलं गेलेलं असतं, तिथे आपोआप उघडतं. बाईंनी 'आर'च्या शब्दांत अंगठा घातला आणि मी रेसिड्यूच्या चार पानं पुढे, फाटलेल्या कागदावर, सताड उघडलो.

बाईंना आपला मसूर दिसला. शेजारची खसखस दिसली. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी एम काढला. तिथेही खसखस. एन. तिथेही. टी. सगळीकडे त्यांच्या मागे मागे कुणीतरी चालत आलं होतं.

आत्या उगीचच एक स्वच्छ बोळा धूत होती. बिट्टी दारात उभी होती.

बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "रिव्हीलपुढे पाच झाले. पाचवा तुझा आहे."

"हो."

"मग आज भांडी तुझी."

"घासते. रोज घासते. वर्षभर घासते. आई..."

बाईंनी गळ्यामागे हात नेला. गाठ घट्ट बसली होती. बोटांना पॉलिश होतं, म्हणून ती सुटत नव्हती. बिट्टी पुढे झाली, पण बाई म्हणाल्या, "थांब, मी सोडते." त्यांनी रुमाल सोडला, ब्लाउजमधून कागद काढला आणि माझ्या उघड्या पानावर ठेवला.

"तू गेल्यावर जाणार होते."

"मी गेल्यावर तू गेलीच नसतीस."

"नसते गेले," बाई म्हणाल्या. हे त्यांनी बहुतेक स्वतःलाही पहिल्यांदाच सांगितलं. "मला वाटलं, कळलं की तू इथेच बसशील. माझी शाळा सुटली तशी तुझी सुटेल."

"आणि कळलं नसतं तर मी तिकडे बसून नकाशे काढले असते. कशाचे? परत यायच्या रस्त्याचे?"

"पुरे!" आत्या एकदम ओरडली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि आवाज मात्र नेहमीचा भांडणाचा होता. "काय लिहिलंय ते मला कुणी मराठीत सांगणार आहे का, का मीही ठिपके मोजत बसू?"

बिट्टीने वाचून सांगितलं. सगळं, शेवटच्या प्रश्नचिन्हासकट. प्रश्नचिन्ह तिने दोनदा सांगितलं. माझ्या मांडणीत विरामचिन्हांना अर्थ देत नाहीत, त्यामुळे बाईंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी दवाखान्यात गेल्या. सुईची तपासणी झाली. खोटं कशाला सांगू, गाठ साधी नव्हती. पण लहान होती, आणि जागची हललेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, बरं झालं आताच आलात. ऑपरेशन झालं. बिट्टी कॉलेजात सहा आठवडे उशिरा पोहोचली, आणि आधीच्या सहा आठवड्यांचे नकाशे तिला रडत रडत पुरे करावे लागले, असं तिने पत्रात लिहिलं. बाईंचा आवाज दोन महिने बसला होता. त्या दोन महिन्यांत भांडणात आत्याच जिंकली, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. "लवकर बऱ्या व्हा हो," ती म्हणायची, "भिंतीशी भांडून भांडून माझं तोंड बेचव झालंय."

आता बाई ठीक आहेत. रोज सकाळी एक गोळी घेतात. गळ्यावर आडवी बारीक रेघ आहे. गिऱ्हाइकं विचारतात, त्या सांगतात. रुमालाचं आत्याने पॉलिशचं फडकं केलं.

मी अजून तिथेच असतो, कधी मांडीवर, कधी विटांखाली. माझी पाठ तिसऱ्यांदा चिकटवली आहे. मॅलिग्नंटपुढे बाईंनी मला न विचारता समासात आपल्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: 'डॉक्टरांना विचारणे.' माझ्या छापलेल्या तीन शब्दांपेक्षा ते दोन चांगले आहेत, हे मी मान्य करतो.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला उंदरापासून जपा, खणात कोंडू नका, पानं दुमडू नका, हे तर मी सांगणारच. पण मला खरं मागायचंय ते वेगळंच आहे. तुम्ही आता शब्द मोबाइलमध्ये बघता. तिथे ठिपके राहत नाहीत. कोण काय बघून गेलं, ते घरातल्या कुणाला दिसत नाही. म्हणून एवढं करा. तुमची आई, आजोबा, मावशी, घरातलं कुणीही कधी हातातलं काम करता करता अगदी सहज विचारेल, "अरे, या शब्दाचा अर्थ काय रे?" तुम्ही घाईत असाल. अर्थ तुम्हाला येत असेल. तो सांगा. पण तेवढ्यावर निघून जाऊ नका. त्यांच्याजवळ जरा बसा आणि विचारा, "कुठे वाचलास हा शब्द?"